कोरडं चाक

नागपूरजवळच्या वाडीतल्या निम्म्या मिस्त्र्यांना ब्रेक तपासणं म्हणजे टायरला लाथ मारणं वाटतं. लाथ मारायची, पेडल एकदा दाबायचं, ‘एकदम कडक आहे, जाऊ द्या’ म्हणायचं आणि चहाला निघायचं. मी त्यांच्यातला नव्हतो. भैय्याजींच्या गॅरेजात मी हेडमिस्त्री होतो, सहा बसगाड्या माझ्या हाताखाली होत्या, आणि दर शनिवारी मी स्वतः पाठीवर झोपून प्रत्येक गाडीखाली सरकत असे. चाकाच्या आतल्या अंगाला, ड्रमच्या मागच्या पत्र्यावर बोट फिरवायचं. बोट ओलं झालं तर आतल्या सिलिंडरचं रबर गेलं, ब्रेक ऑइल गळतंय. बोट कोरडं तर गाडी ठीक. मग रजिस्टरात गाडीचा नंबर, तारीख, ‘ब्रेक ओके’ आणि खाली माझी सही, रुपराव. ही सही मी फार झोकात करत असे.

धोंडबा नावाचा एक मिस्त्री होता आमच्याकडे. त्याने एक गळतं चाक न बघताच ओके केलं, तर मी सगळ्या गॅरेजसमोर त्याची चामडी सोलली आणि भैय्याजींना सांगून पाडव्याच्या आत त्याला घरी बसवलं. मला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही. उलट आठवडाभर मी तो किस्सा चहाच्या टपरीवर रंगवून सांगत होतो.

ड्रायव्हर लोकांबद्दलही माझं मत काही चांगलं नव्हतं. गिअर स्वतः खरडायचे आणि गिअरबॉक्सला शिव्या द्यायच्या. त्यातल्या त्यात बळीराम म्हणजे एक नंबरचा रडका. पन्नाशीचा, काटकुळा, दिवसातून चार वाक्यं बोलणारा माणूस. हिंगण्याच्या कारखान्यात शिफ्टची माणसं पोचवायची बस त्याच्याकडे होती. होळीनंतर त्याने माझ्यामागे एकच टुमणं लावलं होतं.

“मिस्त्री, ब्रेक मारला का गाडी डाव्या अंगाले ओढते.”

“तुयाच हात ओढत असल,” मी म्हणायचो. “कोरडं ठणठणीत आहे सगळं. मी पाह्यलं.”

आणि मी खरंच पाहिलं होतं. त्या बसचं पुढचं उजवं चाक तर सहाही गाड्यांत सगळ्यात स्वच्छ. पत्र्यावर तेलाचा थेंब नाही, डाग नाही. इतरांना दाखवायला मी ते चाक वापरत असे.

त्या साली, म्हणजे शहात्तरच्या मे महिन्यात, भैय्याजींनी ही बस गोपाळराव नावाच्या गृहस्थांना वऱ्हाडासाठी दिली. पुतण्याचं लग्न अमरावतीला, मुहूर्त गोरज. सकाळी सातलाच ऊन चटके देत होतं. बंपरला झेंडूच्या माळा लागल्या, चाळीसेक बायामाणसं आणि पोरं गाडीत कोंबली गेली, आणि बळीराम खाली उतरून माझ्यासमोर येऊन उभा राहिला. किल्ली त्याच्या हातात होती.

“मी नाही नेत हे गाडी. हिंगण्याचा रस्ता सपाट आहे, भागून जाते. तळेगावच्या घाटात मी इतक्या लोकायले घेऊन उतरत नाही. उजवं चाक धरत नाही.”

वऱ्हाड ऐकत होतं. भैय्याजी ऐकत होते. मला असा संताप आला की याला इथेच उभा चिरावा.

“तीस वर्षं झाले गाडी चालवून राहिला, अन् स्टिअरिंग सरळ धरता येत नाही का गा तुले?” मी म्हणालो. खिडक्यांतून लोक हसले. मी गाडीखाली हात घातला, पत्र्यावर बोट फिरवलं आणि ते बोट त्याच्या नाकासमोर धरलं. “पाह्य. गळून राहिलं का?”

“गळत नाही, मिस्त्री,” तो म्हणाला. “एक थेंबही गळत नाही. खोलून पाहा ना एकदा.”

ठीक आहे, म्हटलं. खोलतो. खोलून दाखवतो आणि चारचौघांत तुझं नाक कापतो. मी सगळं वऱ्हाड खाली उतरवलं, कडुनिंबाच्या सावलीत बसवलं. गोपाळराव घड्याळ बघत कुरकुरले, त्यांना मी ‘वीस मिनिटं’ म्हणून दटावलं. जॅक लावला, चाक काढलं, ड्रम ओढला.

रोज ब्रेक लागणारा ड्रम आतून घासून घासून स्टीलच्या ताटासारखा चकाकतो. हा आतून लालबुंद गंजला होता. बोट फिरवलं तर बोटाला तांबडी भुकटी लागली. सिलिंडरचं रबरी टोपण सोलून पाहिलं, तर आत ऑइलच नाही, नुसता वाळलेला काळा गाळ. त्या चाकापर्यंत ऑइल पोचतच नव्हतं, तर गळणार काय कपाळ? मागे हात घालून मी ब्रेकचा पाइप चाचपला. पाइप मध्येच कापून, दोनदा दुमडून, हातोडीने चपटा केलेला होता.

ती दुहेरी घडी वाडीत एकटा मी घालतो.

मग सगळं आठवलं. होळीच्या आदल्या संध्याकाळी ही बस बाजारगावच्या पुढे बंद पडली होती. उजव्या चाकाचं रबर फाटून ऑइल सगळं रस्त्यावर. मी एका ट्रकने तिथे गेलो, त्या चाकाचा पाइप कापून बंद केला, ऑइल भरलं, आणि उरलेल्या तीन चाकांवर गाडी रांगत रांगत वाडीला आणली. अडीअडचणीला सगळेच करतात. गॅरेजला पोचलं की पहिलं काम ते चाक खोलायचं, एवढाच नियम. दुसऱ्या दिवशी होळी, मग रंग, मग एका गाडीचं इंजिन उतरवलं, आणि मी विसरलो. साफ विसरलो. त्यानंतर दर शनिवारी मी त्याच चाकावर बोट फिरवून खूश होत होतो. त्या संध्याकाळी बॅटरी धरून माझ्याशेजारी बसला होता बळीराम. त्याला ती घडी ठाऊक होती. दोन महिने तो मला फक्त ‘ओढते’ एवढंच सांगत होता.

भैय्याजी वाकून बघत होते. “कोन्या हरामखोराचं काम आहे हे?” त्यांनी विचारलं, आणि उत्तरही स्वतःच दिलं. “धोंडब्याचं असल. दुसरं कोन?”

खोटं कशाला सांगू, माझ्या जिवात जीव आला. धोंडबा कोराडीला कुठेतरी कोळशाच्या ट्रकांवर काम करत होता, तो काही विचारायला येणार नव्हता. मला नुसतं गप्प बसायचं होतं. मी बळीरामकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. गंजलेल्या ड्रमकडे बघत होता, आणि माझी लाज राखायला तोही गप्प बसणार हे मला दिसलं. ते मला सहन झालं नाही.

“धोंडब्याचं नाही,” मी म्हणालो. “माझं आहे. होळीपासून.”

मला वाटलं भैय्याजी कानाखाली जाळ काढतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ते तर हसायलाच लागले.

“म्हणजे दोन महिने गाडी तीन चाकाच्या ब्रेकवर चालून राहिली? झालं का काही? मग आजही जाईल. चढवा चाक, बसवा वऱ्हाड.”

“हो हो,” गोपाळराव म्हणाले. “हळू चालवू. मुहूर्त चुकला तर नाक कापलं जाईल आमचं.”

पोटच्या पोरांना घाटात न्यायला निघालेली ही शहाणी माणसं! मला त्यांची शिसारी आली, आणि लगेच स्वतःचीही आली. कारण दोन महिने मी बळीरामला हेच ऐकवत होतो. मी पेटीतून हॅकसॉ काढला आणि घडीच्या अलीकडे तो पाइप कापून टाकला.

“बळीराम, पेडल दाब.”

त्याने दाबलं. ऑइलची चिळकांडी माझ्या बाहीवर उडाली आणि पेडल तळाला गेलं.

“आता गळून राहिलं,” मी भैय्याजींना म्हणालो. “आता न्या.”

नागपूरच्या बर्डीवरून नवीन सिलिंडर आणि पाइप यायला दुपार झाली. तोवर मी उरलेली तीन चाकंही खोलली. मागच्या डाव्या चाकात टोपण सोलल्यावर आत ओल निघाली. बाहेर पत्र्यावर बोट लावलं असतं तर कोरडंच लागलं असतं. बस निघाली तेव्हा चार वाजून गेले होते. मुहूर्त चुकला. गोपाळरावांनी ज्याला त्याला सांगितलं की भैय्याजींकडे एक वेडा मिस्त्री आहे, तो भर लग्नात गाडी फोडतो. कोणी मेलं नाही, त्यामुळे कोणाला काही कळलं नाही. धोंडबाला मी एका चुकीसाठी घरी बसवलं होतं. मला कोणी एका दिवसासाठीही बसवलं नाही.

बळीराम दुसऱ्या दिवशी दुपारी परतला. किल्ली टेबलावर ठेवली.

“आता सरळ थांबते,” तो म्हणाला.

मी रजिस्टर उघडून बसलो होतो. तो जायला निघाला, पण वळला, आणि त्या पानावर बोट ठेवून त्याने विचारलं, “मिस्त्री, मले काही वाचता येत नाही. दर शनिवारी तुम्ही यात लिहिता काय गा?”

मी त्याला वाचून दाखवलं. होळीपासून, एकेक तारीख घेऊन. नऊ वेळा.