लाल पट्टा आधी की डोलकाठी?

"काच पुसलीच नाही कुणी! सतरा वेळा सांगितलं, पण या घरात माझं ऐकतंय कोण?"

ही कुरकुर अगदी माझ्या तोंडाशी चालली होती, कारण बोलणाऱ्याचा डोळा माझ्या भिंगाला चिकटलेला होता. मित्रांनो, मी एक जुनी पितळी दुर्बीण आहे. एकीत एक सरकणाऱ्या तीन नळ्या, मधल्या नळीला छोटासा पोचा. त्या दिवशी सकाळपासून मला तिघांनी पुसलं होतं आणि माझी काच लखलखत होती. धुकं दुसरीकडेच होतं. कुठे, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कुणी नव्हतं.

कुरकुर करणारे म्हणजे आबा. त्यांनी मला भंगारवाल्याच्या ढिगातून उचललं, तेव्हा माझं पुढचं भिंग फुटलेलं होतं. आबांचं चष्म्यांचं दुकान होतं. सलग अकरा दिवस दुपारी जेवणाच्या सुट्टीत बसून, शीळ घालत, त्यांनी माझ्यासाठी नवं भिंग हाताने घासलं. मध्येच ते काच उजेडात धरायचे आणि दुसऱ्या कुणाला शोधून सापडणार नाही असा ओरखडा त्यांना नुसत्या नजरेला दिसायचा. "आबांचा डोळा!" लोक म्हणायचे. ते ऐकलं की आबांच्या मिशा हलायच्या.

मग बरीच वर्षं मी दुकानात मानाने उभी होते. नवा चष्मा लागलेला माणूस आधी दारातून रस्ता बघायचा आणि मग हौसेने मला डोळ्याला लावायचा. पुढे काच कापायचं यंत्र आलं. डोळे तपासायचं शिक्षण घेतलेल्या सूनबाईंनी दुकान हाती घेतलं. आबा घरी बसले, मी कपाटावर चढले. कोळ्याने माझ्या तोंडावर जाळं विणलं. म्हटलं, संपलं आपलं.

पण आबांच्या हातात मोबाइल आला. त्यातला एक गडगडाटी आवाजाचा माणूस रोज सांगायचा, "पृथ्वी सपाट आहे! पुस्तकं बाजूला ठेवा, फक्त स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवा!" आयुष्यभर स्वतःच्या डोळ्यांवरच जगलेल्या माणसाला याहून गोड काय लागणार? आबा स्टुलावर चढले, मला खाली काढलं आणि जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, "मी सिद्ध करून दाखवतो."

घरात वादाला ऊत आला. सूनबाई म्हणाल्या, "आबा, ग्रहणात चंद्रावर पृथ्वीची सावली पडते. ती दरवेळी गोल कशी?"

"ताटाची सावलीही गोलच पडते की!"

सूनबाईंनी बॅटरी लावली आणि ताट तिरकं केलं. भिंतीवरची सावली आधी अंड्यासारखी झाली, मग काठीसारखी. "चेंडू कसाही फिरवा, सावली गोलच. ताटाला जमेल का?"

"त्या ताटात आधी जेवा," आजी म्हणाल्या. "पृथ्वी कुठे पळून जात नाही."

शेवटी पैज लागली. आजींचे धाकटे भाऊ प्रवासी बोट चालवायचे. त्यांना सगळे कप्तानमामा म्हणत. त्यांनी बोटीच्या पोटावर लाल पट्टा ओढायचा. बोट रोज पाचला भोंगा देऊन सुटायची. अर्ध्या तासाने ती दूर गेली की धक्क्यावरून मला रोखून बघायचं. लाल पट्टा आधी दिसेनासा झाला आणि डोलकाठी मागे उरली, तर पृथ्वी गोल.

सूनबाईंनी बघितलं. पट्टा पाण्याआड गेलेला, डोलकाठी उभी. आजींनी बघितलं, तेच. आबांनी बघितलं आणि म्हणाले, "सगळं एकदमच धूसर होतं. काच मळली आहे."

मला पुसलं. दुसऱ्या दिवशी मामांनी पट्टा हातभर रुंद केला. तिसऱ्या दिवशी डोलकाठीला पिवळी चादर बांधली. प्रवासी विचारायला लागले, "मामा, बोटीवर लग्न आहे का?"

"पाण्यावर प्रकाश वाकतो," आबा म्हणाले.

"वाकतो ना थोडासा," सूनबाई म्हणाल्या. "पण बहुतेक वेळा त्याने बोट जास्त वेळ दिसते, आबा, लवकर लपत नाही. हवं तर गच्चीवर चला. उंचावरून तोच पट्टा पुन्हा दिसतो."

"माझे गुडघे दुखतात."

सूनबाई दुकानात दिवसाला वीस परक्या माणसांना बेधडक सांगायच्या, "मोतीबिंदू पिकलाय, वेळ घालवू नका." घरी मात्र त्या ग्रहणं समजावत बसल्या होत्या. आबांच्या डोळ्यात दोष आहे असं कोण म्हणणार? त्यापेक्षा पृथ्वी गोल करणं सोपं होतं. आणि इकडे आबांची नजर दिवसेंदिवस विझत चालली होती. एकदा त्यांनी चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि तो चहा मुकाट्याने पिऊन टाकला. मी टेबलावरच होते, मी बघितलं.

मग तो शनिवार आला. पाचला भोंगा वाजला. आबांनी घड्याळ लावून अर्धा तास मोजला, मला समुद्राकडे रोखलं आणि ओरडले, "गेली! बघा, पट्टा आणि डोलकाठी एकदमच गेली! सपाट!"

भोंगा मालवाहू बोटीचा होता. मामांचं इंजिन त्या दिवशी सुरूच झालं नव्हतं. आबांच्या डाव्या हाताला पन्नास पावलांवर, पिवळ्या चादरीसकट, बोट धक्क्याला बांधलेली होती. आणि मामा आबांच्या मागे तेलकट हातांनी उभे होते.

"हो... गेली खरी," मामा कसंबसं म्हणाले.

तो आवाज ऐकून आबांचा डोळा माझ्यावरून अलगद बाजूला झाला.

मित्रांनो, इथे मला मध्येच एक विनवणी करू द्या. दुर्बीण असो, चष्मा असो, मऊ कापडाने पुसा, डबीत ठेवा, कपाटावर कोळ्याच्या हवाली करू नका. पण काच तिघांनी पुसूनही धूसर दिसत असेल, तर बिचाऱ्या काचेला बोल लावू नका. आणि आपल्या माणसाला दिसेनासं झालं असेल, तर त्याच्याशी सूर्यचंद्रांवरून भांडत बसू नका. त्याच्या जवळ बसा.

सूनबाई जवळ जाऊन बसल्या. आबांनी माझ्या पुढच्या भिंगावरून अंगठा फिरवला. हे तेच अकरा दुपारींचं भिंग. त्यांना ते बोटांनी नीट दिसलं असावं, कारण मिशा जराशा हलल्या.

"काच स्वच्छ आहे गं," ते म्हणाले. "मलाच दिसत नाही. सोमवारी तपास माझे डोळे. पृथ्वीचं मग बघू."