रिकामं वजन

पावती, दिवस पहिला
बाई आणि कुत्रा : ७३.२
बाई रिकामी : ५८.०
कुत्रा निव्वळ : १५.२

"बाई रिकामी म्हणजे काय हो?" बायकोने पावती डोळ्यांपासून लांब धरून वाचली. "मी काय ट्रक आहे?"

"काट्यावर चढलीस की ट्रक. उतरलीस की बायको."

काटेवाल्याची हयात मालधक्क्यावर गेली होती. भरलेला ट्रक तोलायचा, त्यातून रिकाम्या ट्रकचं वजन वजा करायचं, उरेल तो माल. रिकामं वजन एकदाच घ्यायचं आणि वहीत गाडीच्या नंबरापुढे लिहून ठेवायचं. रोजची गाडी रोज रिकामी करून तोलत बसलं तर रांग हमरस्त्यापर्यंत जाईल. सव्वीस वर्षांत या पद्धतीने त्याला दगा दिला नव्हता.

कुत्र्यालाही त्याने हीच पद्धत लावली, कारण बोरू एकटा काट्यावर उभाच राहत नसे. नाव बोरू, कारण अंगाने बोरूच्या लेखणीसारखाच: लांब, सडसडीत, फुंकर मारली तर उडेल असा. मालधक्क्यावरच्या गोण्या तोलायच्या काट्याची लोखंडी पाटी पायाखाली आली की त्याची नखं सरकत आणि चार पाय चार दिशांना जात. मग बायकोने त्याला कवेत घेऊन पाटीवर उभं राहायचं. दुसऱ्या कुणी उचललेलं त्याला खपत नसे. काटेवाल्याने तर नाहीच नाही.

प्राण्यांच्या आश्रयगृहाच्या ताईंनी कुत्रा दिला होता तो तीस दिवसांच्या बोलीवर. "हा बारीकच असणार, जातच तशी. पण पंधराच्या खाली उतरला तर मी परत घेईन. आधीच्या घरातून अकरा किलोचा सांगाडा उचलून आणलाय. तिसाव्या दिवशी इथे आणा, आमच्या काट्यावर."

स्वतःचं शिवणाचं दुकान बंद पडल्यापासून बायको घरात मोजकंच बोलत होती. हो, नाही, ठेवलंय, झालंय. बोरू आला आणि स्वयंपाकघरातून सबंध दिवस बडबड ऐकू यायला लागली. लबाडा, बाळा, बघ कसा बसलाय साहेबासारखा. ती बडबड पुन्हा बंद पडू नये, एवढंच काटेवाल्याला हवं होतं.

पावती, दिवस नववा
७२.४ वजा ५८.० : १४.४

आठशे ग्रॅम. काटेवाल्याने काटा शून्यावर आणला, पुन्हा तोललं. तेवढंच.

"खातो तर बरा," बायको म्हणाली.

"बरा खातो तर जातं कुठे?"

तो प्राण्यांच्या खाण्याच्या दुकानात गेला. दुकानदारीण उंच स्टुलावर बसून पिशव्यांना किमतीच्या चिठ्ठ्या लावत होती.

"किती खातो?"

"मूठभर. तेही आमच्यावर उपकार केल्यासारखं."

"मग पोट फुगवणारं देऊ नका. भाताचा ढीग घातलात तर दोन घासांत पोट टम्म आणि अंगाला शून्य. याला थोडक्यात जास्त बळ पाहिजे." तिने एक पिशवी उलटी करून पुढे केली. "इथे घटकांत पहिलं नाव मांसाचं पाहिजे. धान्याचं असलं की पिशवी परत ठेवायची, काका. दाणा बारीक, चरबी बऱ्यापैकी. दिवसातून तीन-चारदा थोडं थोडं द्या, कोमट पाण्यात भिजवून, म्हणजे वास सुटतो."

"आणि नाही खाल्लं तर?"

"तर तुम्ही खा. दात आहेत ना अजून?"

दाणे, कोरडे. हुंगले. गेला.
दाणे, भिजवून. खाल्ले. पाच दिवस खाल्ले.

पावती, दिवस सोळावा
७१.७ वजा ५८.० : १३.७

दाणे बंद.
उकडलेली कोंबडी, भात कमी. खाल्लं.
अंडं. पिवळं खाल्लं, पांढरं फरशीवर ठेवून दिलं.
मासा, काटे काढून. खाल्ला. नंतर गालिच्यावर परत केला.
लाल भोपळा. बायकोकडे बघितलं, जणू विचारलं, हे काय.
कलेजी. ताटली चाटून एवढी लख्ख केली की धुवायची गरज उरली नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून चारदा बाहेर न्यावं लागलं.

बायको तासन्‌तास फरशीवर बसून तळहातावरून भरवायची. तिचं ताट ओट्यावर झाकलेलं असायचं. "जेवलीस का?" काटेवाला विचारायचा. "झालं माझं," ती म्हणायची. तो पुढे विचारायचा ते बोरूबद्दल.

पावती, दिवस तेविसावा
७०.९ वजा ५८.० : १२.९

जनावरांच्या डॉक्टरांनी बोरूच्या बरगड्यांवरून हात फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. कंबर चाचपली. मांडीचा स्नायू चिमटीत धरून पाहिला.

"मला तर हा भरत चाललेला वाटतो."

काटेवाल्याने चारही पावत्या टेबलावर ओळीने मांडल्या. "डोळा फसतो, साहेब. काटा फसत नाही."

डॉक्टरांनी पावत्या पाहिल्या. त्यांचा स्वतःचा काटा दुरुस्तीला गेला होता. छापील आकडे होते, मालधक्क्याचा शिक्का होता. त्यांनी सुस्कारा टाकून १२.९ लिहून घेतलं. "असल्या कुत्र्याच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसल्याच पाहिजेत. त्याला पैलवान करू नका. पण इतकं उतरत असेल तर रक्त तपासू. आणि एक सांगतो, दर चार दिवसांनी खाणं बदलताय ना, ते आधी थांबवा. एक ठरवा. बदलायचंच तर आठवडाभर जुन्यात नवं मिसळत न्या. पंधरा मिनिटांत नाही खाल्लं तर ताटली उचलायची. मागे मागे फिरायचं नाही."

"मी फिरते," बायको हळूच म्हणाली.

"दिसतंय. तुम्हीच थकल्यासारख्या दिसता."

"तिची काळजी नको," काटेवाला म्हणाला. "याचं बोला."

रक्तात काही निघालं नाही. त्याने तर काटेवाल्याची झोपच उडाली. काही निघालं असतं तर औषध तरी देता आलं असतं.

पुन्हा दाणे. भिजवून, कोमट, वर चमचाभर कलेजी. चार वेळा.

पावती, दिवस अठ्ठाविसावा
७०.१ वजा ५८.० : १२.१

बायको बोरूला घेऊन पाटीवरून उतरली आणि तशीच घराकडे चालू लागली. खिडकीबाहेर एक ट्रकवाला आपल्या पावतीसाठी थांबला होता. त्याने सगळं पाहिलं होतं.

"मामा, एवढं काय तोंड पाडता? आम्ही काय करतो? माल कमी पडला की टाक्या पाण्याने भरून घेतो. तुम्हीही पाजा की त्याला पाणी. तीन लिटर म्हणजे तीन किलो."

"चल, गाडी काढ."

असल्या टाक्या काटेवाल्याने उघडून दाखवल्या होत्या, असले ट्रक गेटवरून परत पाठवले होते. तिसाव्या दिवशी सकाळी मात्र तो स्वयंपाकघरात पातेलंभर कोंबडीचं पाणी घेऊन बोरूसमोर उकिडवा बसला होता. बायको दारात उभी राहून बघत होती. जे चाललं होतं त्याला दोघांपैकी कुणीच नाव दिलं नाही. बोरूने दोनदा जीभ लावली आणि तोंड फिरवलं. लबाडी करायलाही भूक लागते.

आश्रयगृहातला काटा जमिनीच्या पातळीत बसवला होता, वर रबराची चटई. बायको पलीकडे जाऊन उभी राहिली. बोरू तिच्यामागे गेला आणि चटईच्या मधोमध थांबला. पाय सरकले नाहीत.

१६.०

"छान," ताई म्हणाल्या. "आठशे ग्रॅम कमावले की. मी एवढी आशा केली नव्हती."

"तुमचा काटा चुकतोय," काटेवाला म्हणाला.

ताई हसल्या. मग तो हसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. "अहो, तुमच्या फायद्याचं चुकतोय, तर चुकू दे की."

"तसं नसतं ते." भिंतीला खाण्याची सीलबंद पिशवी उभी होती, दहा किलोची. त्याने ती उचलून चटईवर ठेवली. १०.१. वरचे शंभर ग्रॅम पिशवीचेच. काटा बरोबर होता.

"कागद आणते सहीचे," ताई म्हणाल्या आणि आतल्या खोलीत गेल्या.

काटेवाला उभा राहिला. अठ्ठाविसाव्या दिवसाचे सत्तर पूर्णांक एक. त्यातून सोळा वजा. त्याने उत्तर मनात काढलं, खोडलं, पुन्हा काढलं. मान वर करून बायकोकडे पाहिलं. झग्याच्या खांद्याची शिवण दंडावर उतरली होती. कमरेला दोन नव्या चिमट्या घातल्या होत्या, तिच्याच हातच्या, बारीक टाक्यांच्या.

"तू उभी राहा."

"कुठे?"

"इथे. चटईवर."

"आता तुमचं काहीतरीच. ताई येतील."

"त्या यायच्या आत."

ती हलली नाही. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला.

"चपला काढू?" तिने विचारलं.

"नको."

५४.१

काटेवाल्याने आकडा वाचला. बोरूचं वजन उतरलंच नव्हतं. उतरत होतं ते बायकोचं.

"तुला कळलं नाही?"

"कपडे माझेच शिवलेले आहेत. कळणार नाही?"

"मग बोलली का नाहीस? मी तिकडे कुत्र्याला कलेजी आणतोय, मासे आणतोय..."

"तुम्ही मला परत तोललंच नाहीत."

"तू सांगायचंस."

"सांगितलं असतं तर डॉक्टर, तपासण्या, आणि मग आजारी बाईच्या घरात कुत्रा कोण ठेवणार?" तिचा आवाज खाली गेला. "घास आत जात नाही. दोन महिने झाले. तो यायच्या आधीपासून. आधी सही करा. मग न्याल तिथे येते."

"आणि हे त्यांना सांगायचं नाही?"

"नाही."

पावलं जवळ आली. बायको चटईवरून उतरली, काटा शून्यावर गेला.

ताईंनी कागद पुढे केले. काटेवाल्याने पेन घेतलं. सव्वीस वर्षं त्याने खोट्या वजनावर सही केली नव्हती, आणि या कागदावर खोटं काहीच नव्हतं: कुत्रा सोळा किलो. तरी पेन टेकेना. बायको त्याच्याकडे पाहत नव्हती, बोरूच्या कानामागे खाजवत होती.

त्याने सही केली. कागद ताईंच्या हातात जाऊ दिला. त्यांनी घडी घालून फायलीत ठेवला. तेव्हा तो म्हणाला, "इथे जवळ माणसांचे डॉक्टर कुठे आहेत?"

"अहो," बायको म्हणाली.

ताईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. बराच वेळ, वरपासून खालपर्यंत, जसं आणलेल्या कुत्र्याकडे बघत असतील तसं. "रस्त्यापलीकडे दवाखाना आहे. आत कुत्रा घेत नाहीत." त्यांनी हात पुढे केला. "पट्टा द्या इकडे. तुम्ही दोघं जाऊन या."

बायकोने पट्टा हाताभोवती आणखी एक वेढा गुंडाळला.

"परत द्याल?"

"सही झालीय. तुमचाच आहे. परत घ्यायला तुम्हीच यायचं मात्र."

वेढे एक एक करून सुटले. बायकोने खांद्यावरची पिशवी टेबलावर ठेवली. "याचं दुपारचं आहे यात. दाण्यांवर कोमट पाणी. कलेजी चमचाभरच, वर. एकदम सगळं घालू नका, घाबरतो."

"घालते. आणि तुम्ही काय खाल्लंत आज?"

बायको पिशवीचे बंद नीट करत राहिली. ताईंनी काटेवाल्याकडे पाहिलं. बोरूने तीस दिवसांत कधी, काय, किती खाल्लं ते तो झोपेतही सांगू शकला असता. त्याने खाली पाहिलं, बायकोचा दंड धरला, आणि तो आपल्या मुठीत किती सहज मावतोय हे लक्षात येताच पकड सैल केली.

"चल," तो दारातून रस्त्याकडे बघत म्हणाला. "गाड्या थांबल्यात. आत्ता ओलांडू."