संध्याकाळची बॅच

कणकेने माखलेला उजवा हात परातीत तसाच ठेवून यामिनीने डाव्या करंगळीने फोनवरचं 'लाइव्ह बॅच' दाबलं. पाणी प्यायला स्वयंपाकघरात आलेल्या धनेशने, तिच्या नवऱ्याने, ते मागून पाहिलं.

"काहून गं? ते रेकॉर्डेडवालं घे ना. जेव्हा टाइम भेटेल तेव्हा पाहायचं. नोकरीवाल्यांसाठीच तर आहे ते."

"टाइम भेटतच नाही, म्हणून तर."

धनेश पाणी पिऊन गेला. त्याचं म्हणणं अगदी समजूतदार होतं, आणि यामिनीला त्या समजूतदारपणाचाच आता वीट आला होता. मागच्या वर्षी तिने रेकॉर्डेड कोर्सच घेतला होता. मिक्सरशेजारी फोन उभा करून ती व्याख्यानं ऐकायची. कुकरची शिट्टी झाली की सर मध्येच थांबायचे, ते रविवारी पुन्हा सुरू व्हायचे. आणि रविवार पाहुण्यांचा. कधीही बघता येतं म्हटल्यावर घरातल्या प्रत्येकाने त्या 'कधीही'तून आपापला वाटा बिनदिक्कत उचलला. सासूबाईंचा दवाखाना, धनेशचे मित्र, लेकीचं, समिधाचं, शाळेचं प्रोजेक्ट. कोर्सची मुदत संपली तेव्हा तो निम्माही झाला नव्हता. भांडावं तर कुणाशी, हेही कळेना.

या खेपेला तसं होऊन चालणार नव्हतं. रिछाई औद्योगिक वसाहतीतल्या ज्या कारखान्यात ती तयार सुटे भाग मोजून-तपासून पास करायची, तिथले तपासणी विभागाचे प्रमुख मुरलीधरजी दिवाळीत निवृत्त होणार होते. मालकांनी स्वच्छ सांगितलं होतं: त्याआधी गुणवत्ता तपासणीचं प्रमाणपत्र आणलं तर ती खुर्ची तुमची, नाहीतर इंदूरहून माणूस येईल. इतकी वर्षं तपासायचं यामिनीने आणि सही करायची मुरलीधरजींनी, असं चाललं होतं. ती सही तिला हवी होती. हवी म्हणायला तिला लाजही वाटत नव्हती.

पहिला वर्ग तिने घरीच केला. आतल्या खोलीचं दार लोटून, कॅमेरा सुरू करून, केस नीट विंचरून ती बसली. थोड्या वेळात सासूबाई हिंगाची डबी विचारून गेल्या. मग धनेश चार्जरसाठी आला. तेवढ्याने भागलं असतं, पण शेजारच्या अमिताकाकू सत्यनारायणाचा प्रसाद घेऊन थेट आत आल्या. महाराजपूरच्या त्यांच्या कॉलनीत दार लोटलेलं असणं म्हणजे दार उघडंच असणं. फोनवर इतके चेहरे पाहून काकूंना वाटलं, नागपूरचे नातेवाईक एकत्र जमलेत. त्यांनी वाकून सगळ्यांना नमस्कार केला, एका टक्कल पडलेल्या गृहस्थांना तब्येत विचारली आणि "या कधी जबलपूरला" असं आमंत्रणही देऊन टाकलं. सरांनीही गोंधळून नमस्कार केला. वर्गात सगळे मनमुराद हसले. यामिनीही हसली, पण तिचे कान तापले होते.

दुसऱ्या दिवशी तिने मुरलीधरजींकडे तपासणीच्या खोलीची किल्ली मागितली. पाळी सुटल्यावर तिथेच बसून वर्ग करते म्हणाली. त्यांनी किल्ली दिली, पंखा आठवणीने बंद करा एवढंच सांगितलं. मग तिने घरी फोन लावला. आजपासून यायला रोज उशीर होईल, असं तिने सांगितलं. फोन धनेशने घेतला होता.

"मग पोळ्या?"

एरवी यावर तिच्याकडे उत्तर तयार असायचं. पहाटे उठून लाटून ठेवते, डबा लावू, येताना काहीतरी घेऊन येते. ही तिची जुनी खोड होती. कुणी अडचण म्हणायच्या आत ती उपाय पुढे करायची. आताही एक उपाय तोंडाशी आला होता. तिने तो गिळला.

"ते तुम्ही लोक पाहा," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी कारखान्यातली यंत्रं बंद होती. सरांनी एक अवघड प्रश्न टाकला आणि कुणीच बोलेना, तेव्हा यामिनीने माइक सुरू केला. बोलता बोलता तिने हातातला माप तपासायचा गेज कॅमेऱ्यासमोर धरून दाखवलं, नेमकी चूक कुठे होते ते. सर म्हणाले, पुन्हा सांगा, सगळ्यांना ऐकू द्या. तिने पुन्हा सांगितलं, या वेळी जरा मोठ्याने.

स्कूटीवरून घरी येताना मात्र ती भांडणाचीच तयारी करत होती. सासूबाई काय म्हणतील, त्यावर आपण काय म्हणायचं, धनेश मध्ये पडला तर काय, सगळं तिने मनात नीट लावून ठेवलं. माघार घ्यायची नाही, हे तर ठरलेलंच होतं.

घरात टीव्ही चालू होता. धनेश ताटं विसळत होता. ओटा पुसलेला होता आणि तिचं ताट झाकून ठेवलेलं होतं.

"पोळ्या हमने बनाई," समिधा म्हणाली. "म्हणजे आजीने लाटल्या, मी शेकल्या."

"जेवून घे," सासूबाई टीव्हीवरची नजर न काढता म्हणाल्या.

एवढंच. कुणी रागावलेलं नव्हतं, कुणी थकलेलंही दिसत नव्हतं. यामिनी ताट घेऊन बसली. पोळ्या किंचित जाड होत्या, बस्स. ज्या घराचं आपल्यावाचून एक संध्याकाळही भागणार नाही असं धरून ती इतकी वर्षं धावत आली, त्या घराचं भागलं होतं.

"तुम्हाला त्रास नाही झाला, आई?" तिने विचारलं.

"त्रास कायचा जी? तू कधी उशिरा आलीच नाहीस. आम्हाला काय माहीत, करता येते म्हणून."

यामिनीचे डोळे भरून आले. राग होता तो. थोडा त्यांच्यावर, बराचसा स्वतःवर. अर्धवट सुटलेलं बी.कॉम. आठवलं, मागच्या वर्षीचा कोर्स आठवला. तिने मान खाली घालून पहिली पोळी संपवली आणि आणखी एक मागितली.

समिधा ती आणायला उठली.