त्या सकाळी गाडी का सुरू झाली नाही

काकांनी फोनवर मिस्त्रीला एवढंच सांगितलं होतं, की गाडी दुरुस्त करायची नाही, ती का सुरू झाली नाही तेवढं शोधून द्यायचं.

मिस्त्रीला हे जरा चमत्कारिक वाटलं, पण तो नाही म्हणाला नाही. काकू गेल्याला वर्ष झालं होतं. तेव्हा तो परगावी मुलीकडे होता, आणि परतल्यावरही आज जाऊ उद्या जाऊ करता करता भेटायला जाणं राहूनच गेलं होतं. ती टोचणी मनात होतीच. शनिवारी सकाळी हत्यारांची पेटी, चार्ज केलेली बॅटरी आणि पेट्रोलचा डबा घेऊन तो काकांच्या दारात उभा राहिला.

काकांची सगळी नोकरी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली होती. हरवलेला काना, निसटलेली वेलांटी त्यांच्या नजरेतून सुटत नसे. चूक कुठे झाली ते कळल्याशिवाय या माणसाला चैन पडायचं नाही. शेडमधल्या त्या काळ्या, गोल दिव्यांच्या गाडीवरची चादर त्यांनी ओढून काढली आणि स्टुलावर बसले.

"त्या दिवशी काय काय झालं, क्रमाने सांगा," मिस्त्री म्हणाला. "गाडीचं."

"सात वाजता हिच्या छातीत कळ आली. धरून आणलं, मागच्या सीटवर बसवलं. सेल्फ मारला. इंजिन गरगर फिरत होतं, पण पकडत नव्हतं. चोक ओढून पाहिला, ढकलून पाहिला. शेवटी बॅटरी बसली. मग शेजाऱ्यांना उठवलं, त्यांनी गाडी काढली." काकांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. "चाळीस मिनिटं गेली. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायला हवं होतं."

मिस्त्रीने बॉनेट उघडलं.

"त्या वर्षी सर्व्हिसिंग मी पुढे ढकललं होतं," काका म्हणाले. "आळस. दुसरं काय."

"याआधी कधी अशी रुसली होती?"

"दोन-तीनदा. थंडीत, धुक्याच्या दिवसांत. आज हलायची नाही, दुसऱ्या दिवशी पहिल्या सेल्फला सुरू. ही हसायची. म्हणायची, तुमच्यापेक्षा गाडीला जास्त अक्कल आहे. त्या दिवशीही मी एका जुन्या सोबत्याकडे जायला निघणार होतो, लांब. धुकं होतंच."

दमट हवा, म्हणजे कुठेतरी ओल धरत असणार, मिस्त्रीने मनाशी अंदाज बांधला. वर्षभराचं पेट्रोल आंबूस वास मारत होतं. ते त्याने काढून टाकलं, कार्बोरेटर रिकामा केला, ताजं भरलं. नवी बॅटरी जोडून सेल्फ मारला. इंजिन फिरलं, पकडलं मात्र नाही. अगदी काकांनी सांगितलं तसंच.

"पेट्रोल पोचतंय," तो म्हणाला. "आता ठिणगी बघू."

त्याने एक प्लग काढला, वायरीला लावून इंजिनच्या लोखंडाला टेकवला आणि काकांना किल्ली फिरवायला सांगितली. ठिणगी नाही. मग ठिणगीची वीज तयार करणाऱ्या कॉइलची मधली वायर काढून तिचं टोक लोखंडाजवळ धरलं. तिथे मात्र निळी, कडक ठिणगी तडतडली.

म्हणजे कॉइलपर्यंत सगळं ठीक होतं आणि प्लगपर्यंत काहीच पोचत नव्हतं. मध्ये राहिला ती वीज एकेका प्लगला वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर. मिस्त्रीने त्याच्या टोपणाच्या क्लिपांवर बोटं ठेवली आणि तो तसाच थांबला.

दोन हिवाळ्यांपूर्वी काकू पिशवी घेऊन गॅरेजमध्ये आल्या होत्या. "यांचे डोळे अधू झालेत हो," त्या म्हणाल्या होत्या. "धुक्यात समोरचं दिसत नाही, ऑपरेशनचं नाव काढलं की तोंड फिरवतात. गाडीला इजा न होता ती बंद ठेवता येईल, असं काही आहे का?" मिस्त्री हसला होता. दुसऱ्या एका जुन्या गाडीचं टोपण उघडून त्याने आतला अंगठ्याएवढा रोटर उचलून दाखवला होता. हा काढला की गाडी नुसती कण्हेल, उठणार नाही; परत बसवला की जशीच्या तशी. काकूंनी तीनदा काढून, तीनदा बसवून पाहिला होता. "यांना सांगू नका हं." आणि तो म्हणाला होता, "माझ्या तोंडाला कुलूप."

त्याने टोपण उघडलं. आत मधला दांडा बोडका उभा होता.

रोटरला चीर गेली होती, कुणाच्याही लक्षात आली नसती, असं म्हणता आलं असतं. पेटीत दुसरा रोटर होताही. शब्द ओठांवर आले, तोवर काका उठून शेजारी आले होते आणि चष्मा सावरत आत वाकले होते.

"इथे काहीतरी असायला हवं ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कुठे गेलं?"

"काकूंनी काढून ठेवलंय," मिस्त्री म्हणाला, आणि मग त्याने सगळं सांगून टाकलं. स्वतःचा वाटाही.

"जपून ठेवायचं ते सगळं ती शिवणाच्या डब्यात ठेवायची," काका म्हणाले. मग घरात गेले आणि काकूंचा शिवणाचा डबा घेऊन आले. तो त्यांनी मडगार्डवर उपडा केला. बटणं, हुक, रिळं घरंगळली. एका चिंधीत गुंडाळलेला रोटर निघाला.

"बसवा."

"काका, राहू द्या आता."

"बसवा म्हणतो ना."

मिस्त्रीने बसवला, टोपण, वायर आणि प्लगही जागेवर लावले. गाडी दुसऱ्या सेल्फला सुरू झाली आणि संथ, एका लयीत चालत राहिली. काका मागच्या दारावर हात ठेवून उभे होते.

"बंद करा," ते म्हणाले.

शेड शांत झालं.

"ती हात करत होती," काका म्हणाले. "घराकडे. मला वाटलं पाणी मागतेय. मी धावत जाऊन पाणी आणलं. तिला बोलायचं होतं, तर मीच म्हटलं, बोलू नकोस, दमशील. आणि परत सेल्फ मारत बसलो." ते मिस्त्रीकडे वळले. "मिस्त्री, ती मागे बसून ऐकत होती. तिला सगळं ठाऊक होतं."

"मी शिकवलं नसतं तर—"

"हो. शिकवलं नसतंत तर बरं झालं असतं. आणि मी तिचं ऐकलं असतं, तर ती तुमच्याकडे आलीच नसती." ते स्टुलावर बसले. "आता तुम्ही जा."

मिस्त्री घरी आला. चार दिवस त्याने गॅरेज उघडलं नाही. बायकोने खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. तिने पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "आता तरी त्यांना एकटं सोडू नका."

पहिल्या खेपेला दार उघडलं नाही. दुसऱ्या खेपेला आतून नुसती पावलं वाजली. तिसऱ्या खेपेला काकांनी दार उघडलं, दाढी वाढलेली, आणि बाजूला झाले.

"बसा," ते म्हणाले. "पण त्या विषयावर एक शब्द नको."

मिस्त्री बसला. समोर पाण्याचा तांब्या आला. मग काकांनीच विचारलं, "गॅरेजमध्ये आली होती तेव्हा कुठली साडी नेसली होती?"

मिस्त्रीने आठवून पाहिलं. "हिरवी होती बहुतेक. हातात कापडी पिशवी होती. पहिल्यांदा रोटर उलटा बसवत होत्या, बसेना तेव्हा स्वतःवरच हसल्या."

"हसली?"

"हो."

"अजून सांगा," काका म्हणाले आणि खुर्ची जवळ ओढून बसले.