घरात कोणाचं चालतं

“दोनच राहिलीत,” कटिंगबाई म्हणाली. “एक नर, एक मादी. तुमच्या मिसेसनी कुठलं सांगून ठेवलं होतं?”

मिस्त्री तेव्हा शिलाई मशीनच्या पोटात डोकं घालून बसला होता. गणवेश शिवायच्या त्या कारखान्यात बावीस मशिनं होती आणि त्यांतलं एक तरी रोज रुसलेलं असायचं. त्यानं डोकं बाहेर काढलं आणि कापड कापायच्या टेबलाखाली पाहिलं. चिंध्यांच्या खोक्यात कारखान्यातल्या कुत्रीची दोन विटकरी पिल्लं एकमेकांवर पाय टाकून झोपली होती. दोघांची पोटं टम्म.

“हिनं सांगून ठेवलं होतं?”

“म्हणजे काय! मागच्या वर्षी तुमचा चष्मा द्यायला आल्या होत्या ना, तेव्हाच. म्हणाल्या, पुढच्या खेपेला ही व्याली की एक पिल्लू माझं. दुसऱ्या कोणाला दिलंत तर बोलणार नाही तुमच्याशी.” कटिंगबाई जरा थांबली. “नर की मादी, ते काही बोलल्या नाहीत. म्हटलं, तुम्हाला ठाऊक असेल.”

मिस्त्रीला ठाऊक नव्हतं. एकतीस वर्षांच्या संसारात त्याला काही ठाऊक असायची गरजच पडली नव्हती. पडदे कुठल्या रंगाचे, दाढ कोणत्या डॉक्टरकडे काढायची, केस कधी कापायचे, सगळं बायको ठरवायची. तो ‘तू म्हणशील तसं’ म्हणायचा आणि पुन्हा स्क्रूकडे वळायचा. आठ महिन्यांपूर्वी अकरा दिवस हॉस्पिटलात काढून ती गेली आणि हे वाक्य ऐकायला घरात कोणी उरलं नाही.

“शनिवारी दुपारपर्यंत सांगा,” कटिंगबाई म्हणाली. “राहील ते गोदामवाले नेणारेत.”

मिस्त्रीनं मान डोलावली. मान डोलावण्यात त्याचा हात कोणी धरला नसता.

घरी दोन कुत्री होती. थोरला हवालदार, नऊ वर्षांचा, तोंडाभोवती पांढरा झालेला, दिवसभर दाराशी पडून असायचा आणि चोर आला तर त्यानं बहुधा त्याला वाटच करून दिली असती. धाकटी ठमी, सात वर्षांची, अंगानं बुटकी आणि स्वभावानं तिखट. शिवाय अण्णा होते, म्हणजे मिस्त्रीचे सासरे. मुलीनंच त्यांना चार वर्षांपूर्वी हाताला धरून इथे आणलं होतं. आता ती मधली गेली आणि सासरा-जावई समोरासमोर उरले. एकमेकांना जा म्हणता येईना, राहा म्हणता येईना, म्हणून दोघं दिवसभर एकमेकांना चहा विचारत.

“अण्णा, काय घेऊ या? नर की मादी?”

“तुम्ही म्हणाल तसं, जावईबापू. घर तुमचं.”

“असं कसं, तुम्ही मोठे.”

“मोठा असून उपयोग काय? चाळीस वर्षं लिफ्टमन होतो मी. लोकांनी मजला सांगायचा आणि मी बटण दाबायचं. मला कोणी विचारलंच नाही की तुम्हाला कुठे जायचंय म्हणून.”

एवढ्यावर त्यांनी काखा वर केल्या.

पण प्रश्न साधा नव्हता. चार वर्षांपूर्वी बायकोनं रस्त्यावरची एक काळी कुत्री घरात आणली होती. पंधरा दिवस बरे गेले आणि सोळाव्या दिवशी ठमीनं आणि तिनं एकमेकींना असं फाडलं की ठमीचा कान टाक्यांनी जोडावा लागला. दोघींतली एक जायलाच हवी, असं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. काळीला दूरच्या एका मळ्यावर पोचवून आल्यावर बायको दोन दिवस जेवली नव्हती. आता पिल्लू चुकीचं आलं आणि पुन्हा तसं झालं, तर कोणाला घालवायचं? हवालदार आणि ठमी बायकोच्या हातची वाढलेली. आणि हे पिल्लू तर तिनंच मागून ठेवलेलं.

बुधवारभर त्यानं जिथे मशीन उघडलं तिथे सल्ला मागितला. कोपऱ्यावरचा टेलर म्हणाला, “नर घ्या, डोक्याला ताप नाही.” मिस्त्रीला ते पटलं. पडदे शिवणाऱ्या बाई म्हणाल्या, “नर? वेडबीड लागलंय का? दोन नर एका घरात म्हणजे रोज कुस्त्यांचा फड. मादी घ्या, माया करते.” तेही त्याला पटलं. पिशव्या शिवणारा म्हातारा म्हणाला, दोन्ही घ्या. चामड्याच्या दुकानातला म्हणाला, एकही घेऊ नका. मिस्त्री सगळ्यांना ‘खरंय तुमचं’ म्हणत गेला आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या डोक्याचा पार भुगा झाला. चामड्याच्या दुकानातल्या मशीनला त्यानं सुई उलटी बसवली, हे त्याला अर्ध्या वाटेत आठवलं आणि परत जावं लागलं. असं त्याच्या हातून नवशिकेपणीसुद्धा झालं नव्हतं.

परतताना तो दवाखान्यात शिरला. डॉक्टरीणबाई एका मांजराचं नख कापत होत्या.

“हे बघा मिस्त्री,” त्या म्हणाल्या, “दोन माद्यांचं जुळलं तर जुळलं, बिनसलं तर मिटत नाही. ते तुम्ही पाहिलंच आहे. दोन नरही भांडतात. म्हणून आधी घरातला म्होरक्या कोण ते ओळखा. हवालदार म्होरक्या असेल तर मादी आणा, ठमी असेल तर नर. म्होरक्याच्या उलट आणायचं.”

“आणि म्होरक्या ओळखायचा कसा?”

“घरात कोणाचं चालतं, तेवढं बघायचं. आधी कोण खातं, कोण कोणाला जागा सोडतं, दारातून आधी कोण बाहेर पडतं. दोन दिवसांत कळेल तुम्हाला.”

घरात कोणाचं चालतं! मिस्त्री रस्ताभर हेच पुटपुटत आला. हा प्रश्न आजवर त्याला कोणी विचारला नव्हता, कारण उत्तर सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

गुरुवारी सकाळी सासरा आणि जावई ठाण मांडून पाहणीला बसले. दूध-पावाची दोन ताटल्यांत वाटणी झाली. हवालदार सरळ गेला आणि खाऊ लागला. ठमी मागे उभी.

“झालं,” मिस्त्री म्हणाला. “हवालदार म्होरक्या. मादी आणायची.”

“थांबा थांबा,” अण्णा म्हणाले.

हवालदारानं अर्धी ताटली संपवली, मग बाजूला झाला. ठमीनं आधी त्याची उरलेली अर्धी खाल्ली, मग आपली आख्खी खाल्ली आणि हवालदार जिभल्या चाटत बघत राहिला.

“ठमी,” अण्णा म्हणाले. “नर आणायचा.”

दुपारी ठमी हवालदाराच्या चादरीवर जाऊन झोपली आणि तो मुकाट्यानं फरशीवर सरकला. ठमीचं पारडं जड झालं. तासाभरानं हवालदार नुसता उठून उभा राहिला, गुरगुरलासुद्धा नाही, तर ठमी अंग चोरून कोपऱ्यात. चेंडू टाकला तर दोघांपैकी कोणी हललं नाही, चेंडू शेवटी अण्णांनी वाकून आणला. शुक्रवारी सकाळी ठमीनं आपणहून हवालदाराला आधी खाऊ दिलं. मिस्त्री मादीवरून नरावर आला होता तो पुन्हा मादीवर गेला. अण्णा त्याच्या उलट दिशेनं फिरत होते आणि दोघं मध्येच एकमेकांना ओलांडून जात होते.

“तुमचं काय मत पडतं?” अण्णांनी विचारलं.

“तुमचं जे असेल ते.”

“माझं तुमच्यासारखंच.”

“माझं अजून झालेलं नाही, अण्णा.”

“मग माझंही नाही.”

राहिली होती दाराची परीक्षा. शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला फिरायला नेताना मिस्त्रीनं दोघांच्या गळ्यात पट्टे अडकवले आणि दार उघडलं. रोज तो दार उघडता उघडताच दोऱ्या ओढायचा. ‘चला, चला’ म्हणत ओढल्याशिवाय ही दोघं हलायचीच नाहीत. म्हातारी झालीत, आळशी झालीत, असं त्याला वाटायचं.

“आज ओढू नका,” अण्णा म्हणाले. “दोऱ्या सोडा ढिल्या. आपण मागेच राहू. आपापली जाऊ देत, मग दिसेल कोण आधी जातं ते.”

मिस्त्रीनं दोऱ्या सोडल्या आणि तो भिंतीला टेकून उभा राहिला. दार सताड उघडं. जिन्यावर ऊन आलं होतं, खाली कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. दोन्ही कुत्री उंबऱ्याच्या आत उभी. हवालदारानं बाहेर पाहिलं. ठमीनं बाहेर पाहिलं. पाऊल कोणीच टाकलं नाही.

“जा की,” मिस्त्री म्हणाला.

त्यावर दोघांनी माना वळवल्या. त्याच्याकडे नाही, अण्णांकडेही नाही. स्वयंपाकघराकडे. दोघांचे कान उभे झाले आणि दोघं तशीच बघत राहिली.

रोज साडेपाचला ती स्वयंपाकघरातून यायची. टॉवेलला हात पुसत यायची आणि ‘सरा रे, सरा बाजूला, अण्णा पडतील’ म्हणत सगळ्यांच्या आधी दाराबाहेर पडायची. मग ठमी की मग हवालदार, याला काही नेम नसायचा. पण तिच्याआधी कोणी जायचं नाही. कुत्री नाही, अण्णा नाहीत, मिस्त्री तर नाहीच. इतकी वर्षं हे रोज घडत होतं आणि तो रोज त्या रांगेत उभा होता, तरी त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

“तिच्यासाठी थांबलीत,” अण्णा म्हणाले. एवढंच बोलून ते चपलांच्या मांडणीपाशी स्टुलावर बसले.

मिस्त्रीला भडभडून आलं. हॉस्पिटलात आलं नव्हतं, त्यानंतर लोक भेटायला आले तेव्हाही नाही. तेव्हा प्रत्येक जण त्याला सांगत होता काय करायचं ते आणि तो करत होता. आता कोणी काही सांगत नव्हतं. आठ महिने ही दोघं रोज संध्याकाळी तिची वाट बघत उभी राहत होती आणि तो रोज त्यांना गळ्याला धरून ओढून नेत होता. त्यानं खाली बसून दोघांच्या गळ्यात हात टाकले. ठमीनं त्याचा कान चाटला, पण तिचं लक्ष स्वयंपाकघराकडेच होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी मिस्त्री उठला आणि त्यानं पुन्हा दोऱ्या ओढल्या, जरा हळू. दुसरं काय करायचं ते त्याला सुचलं नाही.

शनिवारी सकाळी दोघं चहा घेऊन बसले.

“नियम काय म्हणालात तुम्ही?” अण्णांनी विचारलं. “म्होरक्याच्या उलट?”

“हो.”

“मग?”

“मग तसंच,” मिस्त्री म्हणाला.

अण्णांनी मान हलवली आणि कधी नव्हे ते, “मीही येतो,” म्हणाले.

कारखान्यात सगळी मशिनं एका दमात चालली होती. कटिंगबाईनं दोन्ही पिल्लं टेबलावर ठेवली. नर लगेच मापाची टेप चावायला लागला. मादी शांतपणे मिस्त्रीकडे बघत बसली आणि त्याचं मन पुन्हा डळमळलं. किती शहाणी दिसते! हीच आवडली असती का तिला? की तिला दांडगाई आवडायची? हवालदाराची आवडायची, ठमीची नाही. का उलटं होतं? त्याला आठवेना आणि आठवेना याचंच त्याला जास्त वाईट वाटलं.

“नर द्या,” तो घाईनं म्हणाला, मन बदलायच्या आत.

“त्यांनी तसं सांगितलं होतं का?”

“नाही. सांगितलं काहीच नव्हतं.”

कटिंगबाईनं पिल्लू गणवेशाच्या एका रद्दी तुकड्यात गुंडाळलं आणि अण्णांच्या हातात दिलं. टेबलावरची मादी उठून भावाच्या जागेचा वास घेऊ लागली. मिस्त्री तिथून लवकर निघाला.

घरी नेण्याआधी पहिली लस टोचायला ते दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी पिल्लू उलटंपालटं करून पाहिलं आणि त्या हसल्या.

“नर आणलात! म्हणजे घरात ठमीचं चालतं तर.”

“नाही,” मिस्त्री म्हणाला. “म्हणजे, तसं नाही. आम्ही बघितलं दोन दिवस. आधी हवालदार वाटला, मग ठमी. मग दारात...” तो अडकला. हे कसं सांगायचं ते त्याला कळेना. आणि केलं ते बरोबर की चूक, तेही कळेना. हवालदारानं आज याला फाडलं तर? त्यानं अण्णांकडे पाहिलं.

“आमच्या घरात माझ्या मुलीचं चालतं,” अण्णा म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी सुईवरचं टोपण काढता काढता हात थांबवला. मग त्या पिल्लाच्या मानेवरचे केस बाजूला करत राहिल्या, गरजेपेक्षा थोडा जास्त वेळ.

पलीकडे नोंदणीच्या टेबलावर बसणाऱ्या मुलीनं नवं कार्ड काढलं. “मिस्त्रीकाका, जुन्या दोघांच्या कार्डावर मालक म्हणून काकूंचं नाव आहे,” ती चाचरत म्हणाली. “त्या गेल्या ते माहीत आहे मला, म्हणून विचारते. याच्या कार्डावर कोणाचं लिहू?”

“तिचंच,” मिस्त्री म्हणाला.

अण्णाही त्याच क्षणी तेच म्हणाले होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. मुलीनं नाव लिहिलं, खाली तारीख घातली आणि पिल्लाला नीट धरायला सांगितलं.