संध्याकाळच्या गाडीचा मुक्काम

दोन दिवस झाले, पण माझे हात अजून गार आहेत. घडलं ते भरदुपारी, मागच्या खोलीत, हातात पेन्सिल असताना.

त्या खोलीत आठ फूट लांब आणि चार फूट रुंद असा एक मुलूख आहे. हे रेल्वेत गार्ड होते आणि मी शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्त झाल्यावर ह्यांनी प्लायवूड आणलं, बोटभर उंचीचे डबे आणले आणि जगात कुठेच नसलेली एक रेल्वे आखायला घेतली. पहिल्या दिवशी ह्यांनी काढलेली नदी डोंगर चढून चालली होती. मी म्हटलं, अहो, पाणी आहे ते, त्याला तिकीट काढून वर जाता येत नाही. तेव्हापासून मी त्या रेल्वेत कामाला लागले ती लागलेच.

अशा छोट्या रेल्वे बनवणाऱ्यांचा ह्यांचा एक क्लब आहे, त्याचे चिटणीस दातांचे डॉक्टर आहेत. प्रदर्शनात परीक्षकही तेच असतात आणि कीड शोधल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यांचा नियम असा, की खोटी रेल्वे खरी वाटायला हवी असेल तर तिच्यातल्या प्रत्येक गोष्टीला कारण पाहिजे. रूळ वळला तर का वळला, टाकी इथेच का, फलाट एवढाच का. म्हणून मी एक वही केली. डावीकडे वस्तू, उजवीकडे 'का'. आधी नदी, मग पूल. आधी खाण, मग स्टेशन. आधी माणसं, मग गाडी. असं करत तीन वर्षांत बंदरापासून डोंगरातल्या चुन्याच्या खाणीपर्यंत आमचा रूळ पोचला. खाणीच्या स्टेशनाबद्दल मात्र ह्यांना कधी विचार करावा लागला नाही. पायवाट वाकडी का? मध्ये विहीर आहे. खिडकी उत्तरेला का? दक्षिणेकडून धूळ येते. उत्तरं कशी तोंडावर तयार. मला कौतुक वाटायचं.

रविवारी प्रदर्शन आहे. गुरुवारी मी वेळापत्रक तपासायला बसले. नऊ गाड्यांपैकी आठांची कारणं चोख होती, नववीचं मात्र काही जुळेना. ती संध्याकाळी सहा चाळीसला खाणीवर पोचायची आणि तिथेच झोपायची, ती थेट पहाटे पाच पंचावन्नला निघायची. खाण तर सहाला सुटते आणि मजूर राहतात खाली बंदराच्या गावात.

मी ह्यांना म्हटलं, चारशे माणसं चालत घरी जाणार आणि तुमची गाडी घोरत पडणार? डॉक्टर हे दात उपटल्यासारखं उपटून हातात देतील. हिला सातला परत सोडा.

हे म्हणाले, राहू दे.

मी म्हटलं, राहू दे हे कारण नव्हे. मग ह्यांनी आधी इंजिन तापतं असं सांगितलं, मग मजुरांची घरं वर खाणीजवळ दाखवू म्हणाले. मी फळीवरची घरं मोजली, ती सहाच होती. तीन वर्षांत पहिल्यांदा हे लंगडी कारणं देत होते आणि मला हसू येत होतं. बोला, बोला, म्हणत मी रिकाम्या रकान्यावर पेन्सिल टेकवली. ह्या गाडीचा मुक्काम का?

ह्यांनी चष्मा काढला. स्टेशनामागच्या करड्या दाराच्या घरावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "गार्डला आईच्या हातचं जेवायचं असतं."

"कुठल्या गार्डला?"

"मला."

मी चौतीस वर्षांपूर्वी ह्या घरात आले तेव्हा सासूबाई भिंतीवर होत्या. हे पाच वर्षांचे असताना त्या तापाने गेल्या, असं मामंजींनी मला सांगितलं होतं. त्यांच्या फोटोची काच मी दर आठवड्याला पुसत आले आहे. पेन्सिल हातातून कधी सुटली ते कळलं नाही. ती घरंगळत त्या खोट्या नदीत जाऊन पडली.

मग हे बोलत गेले. बोट घरावरून उचललं नाही. आई गेली नव्हती, निघून गेली होती. मामंजींनी तिला मेली म्हणून सांगितलं आणि गावाने ते मानलं. नोकरीची शेवटची अकरा वर्षं ह्यांना एका आडमार्गावरची मुक्कामाची गाडी होती. तिथल्या गार्ड-ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोलीत स्टेशनामागे राहणारी एक म्हातारी स्वयंपाक करायची. तिसऱ्या मुक्कामाला तिने ताट ठेवता ठेवता ह्यांना वडिलांचं नाव विचारलं. मग ती खालीच बसली.

ती गाडी मला चांगली आठवत होती. कोणालाच नको असलेली ड्यूटी ह्यांच्या गळ्यात मारली आहे, असं वाटून माझा जीव तुटायचा. ती बदलून मिळावी म्हणून मी स्वतः साहेबांना अर्ज लिहिला होता. हे म्हणाले होते, देतो. तो ह्यांनी कधी दिलाच नव्हता. ती ड्यूटी हे मागून घेत होते.

मामंजी असेपर्यंत बोलता आलं नाही, हे म्हणाले. पण मामंजींना जाऊन सात वर्षं झाली. ते मी म्हटलंही. हे म्हणाले, तोवर इतकी वर्षं लपवलं होतं, की तुला सांगायला तोंडच उरलं नव्हतं. आई कशी गेली, कोणाबरोबर गेली, यातलं मी काही विचारलं नाही. माझ्या जिभेवर एकच प्रश्न होता आणि त्याचं उत्तर ऐकायची मला धास्ती वाटत होती.

"आहेत?"

"आहे. ब्याऐंशीची आहे. मंगळवारीच जाऊन आलो."

मंगळवारी क्लब असतो. चार वर्षं मी दर मंगळवारी ह्यांना डबा भरून देत होते. तो डबा कोण खात होतं, हे विचारायची गरज उरली नाही. परत आलेला डबा नेहमी घासूनपुसून लखलखीत असायचा, आणि मला वाटायचं, निवृत्त झाल्यावर का होईना, हे सुधारले.

मी उठले. बसले. पुन्हा उठले. राग यायला हवा होता, पण तो कुठे वाटेतच थांबला होता. जिवंत सासूची सून होते मी, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. त्यांना भाजी तिखट लागत होती की फिकी, हेही माहीत नव्हतं.

त्यांना माझं नाव तरी ठाऊक आहे का, असं मी विचारलं.

ह्यांनी चष्मा पुन्हा घातला. मग म्हणाले, "ती तुला भेटलीय. शाळेत. नातीच्या प्रवेशाची चौकशी करायची म्हणून आली होती. तू बसायला खुर्ची दिलीस, पाणी दिलंस. ती अजून सांगते."

नात कसली? सगळं खोटं. मला पाहायला म्हणून तीन तास प्रवास करून आली होती ती बाई, आणि पाणी पिऊन गेली.

कालपासून मी आठवते आहे. शाळेच्या व्हरांड्यात अशा किती म्हाताऱ्या आल्या. धुतलेली साडी, हातात पिशवी, बोलताना पदर सावरणाऱ्या. सगळ्यांनाच मी खुर्ची द्यायची, सगळ्यांनाच पाणी द्यायची. एकेक चेहरा समोर आणते, हीच का म्हणून पाहते आणि सोडून देते. एकही चेहरा पक्का होत नाही.

प्रदर्शन उद्या आहे. डॉक्टरांचा मघाशी फोन आला होता. मी त्यांना आमची रेल्वे येणार नाही असं कळवलं. ते म्हणाले, का? मी म्हटलं, आम्ही दोघं उद्या गावी नाही.

हे आत पिशवी भरत आहेत. दर दोन मिनिटांनी दाराशी येतात आणि तिला काय सांगू, काय सांगू, म्हणून विचारतात. मी म्हटलं, तुम्ही काही सांगायचं नाही. बोलणं मी सुरू करणार. पण त्या दार उघडतील तेव्हा त्यांचा चेहरा मला ओळखता येईल की नाही, याचीच मला भीती वाटते आहे.