पेवावरचा फोटो

लालासाहेबांनी कॅमेऱ्यावरच्या काळ्या कापडातून डोकं बाहेर काढलं आणि ते ओरडले,

"हात! म्हातारबा, हात कुठं गेले?"

ज्योतिबा पेवाच्या तोंडाशी उकिडवे बसले होते. हळद साठवायचा तो खोल खड्डा सकाळीच उघडला होता. आतली कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत कुणी उतरायचं नव्हतं. चाळीस वर्षं ते हरिपूरच्या पेवांत उतरत आले होते. हातांचा पिवळा रंग आता धुऊन जाण्यातला राहिला नव्हता. आत्ता मात्र दोन्ही हात उपरण्याखाली होते.

"हायती की जाग्यावर," ते म्हणाले. "तोंडाचा काढा फोटू."

"तोंड बघायला साताऱ्याहून आलो नाही मी."

"मग चुकून आलासा. सांगलीत लय तोंडं हायती, तुमच्यापरास बरी."

पेव उघडणारे दोघे गडी खो-खो हसले. लालासाहेब हसले नाहीत. गावोगाव फिरून कष्टकरी म्हाताऱ्यांचे फोटो काढणं हे त्यांचं वेड होतं, आणि लढाईमुळे फोटोच्या काचा मिळेनाशा झाल्या होत्या. एक काच आताच वाया गेली होती.

ज्योतिबांची मुलगी बनू भाकरी घेऊन आली होती, ती कडेला उभी होती. साताऱ्यातल्या मुलींच्या शाळेत ती शिकवायची. सुट्टी संपली होती, संध्याकाळच्या गाडीनं निघायचं होतं.

"मास्तरीणबाई, तुम्ही तरी सांगा."

"त्यांना नसतील दाखवायचे तर राहू द्या," ती म्हणाली. "ते काय जत्रेतलं जनावर आहेत?"

लालासाहेबांनी ओठ आवळून काच बदलली. दुसऱ्या काचेवरही हात आले नाहीत.

"आबा, जेवून घ्या."

"तू हो फुडं. मी खातो मागनं."

फडकं तिथंच ठेवून ती निघाली.

दुसऱ्या दिवशी, पेवातली हवा तपासायला कंदील खाली सोडता सोडता ज्योतिबा काठावरच आडवे झाले. बनूला निरोप मिळून ती हरिपूरला पोचली तेव्हा घाटावर राख सावडून झाली होती.

तेराव्यानंतर साताऱ्याला परतताच ती लालासाहेबांच्या घरी गेली. आबांचा दुसरा फोटो कुठंच नव्हता.

लालासाहेब मागच्या सोप्यात बसले होते. समोर घंगाळात सोडा घातलेलं ऊन पाणी होतं. बिघडलेली एकेक काच त्यात बुडवून ते तिच्यावरचं चित्र बोटानं खरवडून काढत होते. साफ झालेल्या काचा भिंतीला टेकवल्या होत्या.

"आबा गेले," ती म्हणाली.

"कळलं." त्यांचे हात थांबले नाहीत.

"त्यांची काच हवी होती."

"काय करणार? तिच्यावर काही नाही. एक अडेल म्हातारा आणि एक उपरणं."

"त्या अडेल म्हाताऱ्यासाठीच आलेय."

"दोन काचा घालवल्यात माझ्या! पिवळा रंग फोटोत काळा उतरतो, बाई. त्या हातांवरची एकेक भेग उतरली असती. आणि वर मलाच ऐकवलंत, जत्रेतलं जनावर म्हणे."

"खोटं होतं का? तुम्हाला माणूस नकोच होता."

लालासाहेबांनी ओले हात धोतराला पुसले. राहिलेल्या काचांतून ज्योतिबांची एक उचलून त्यांनी ती उजेडाकडे धरली.

"एक सांगा. मी कॅमेरा लावत होतो तोवर हात गुडघ्यांवर होते. हातवारे करकरून मला शिव्या घालत होता तुमचा बाप. तुम्ही बांधावरून येताना दिसलात आणि हात आत गेले."

बनूनं पदर खांद्यावरून ओढून घेतला. नीटच होता तो.

"घाबरायचा काय तुम्हाला?"

"काच द्या."

"आधी सांगा. नाहीतर ही चालली पाण्यात."

त्यांनी काच घंगाळावर धरली. वाफेनं तिची खालची कड धुरकट झाली. बनूनं हात पुढे केला, मग मागे घेतला.

"मी पंधरा वर्षांची होते," ती म्हणाली. "इथल्याच शाळेत बक्षीस समारंभ होता. ते हरिपूरहून आले होते, नवं उपरणं घेऊन. पहिल्या रांगेत बसले होते. माझं नाव पुकारलं तेव्हा सगळ्यांत जोरात त्यांनीच टाळ्या वाजवल्या."

लालासाहेबांनी काच घंगाळावरून बाजूला घेतली.

"सगळ्या मुली त्या हातांकडे बघत होत्या. मी खाली उतरून त्यांच्याजवळ गेले आणि म्हटलं, आबा, हात झाका. मला लाज वाटते."